गणपतीला थोरलीला आजीबरोबर गावी पाठवू का?

विक्रोळीची आई

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही कन्नमवार नगरात राहतो. वन बीएचके. सासू-सासरे, आम्ही दोघं, साडेचार वर्षांची चिऊ आणि जूनअखेरीस झालेला धाकटा. चिऊच्या वेळी मी माहेरी बदलापूरला होते, सव्वा महिना उलटून गेला तरी आई सोडायला तयार नव्हती. या वेळी चिऊचं ज्युनिअर केजी नेमकं जूनमध्ये सुरू होत होतं, म्हणून बाळंतपण इथेच केलं. सासूबाईंनी सगळं निगुतीने केलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, धुरी, मालिशवाल्या मावशी, कशाकशात कमी पडू दिलं नाही. त्यामुळे पुढे लिहिते ती कुणाबद्दलची तक्रार समजू नका.

चिऊ अजिबात त्रास देत नाही. मला काळजी आहे ती याचीच.

सगळ्यांनी आधीच सावध केलं होतं. मोठं मूल चिडतं, बाळाला चिमटे काढतं, 'याला परत दवाखान्यात ठेवून या' म्हणतं. नणंदेच्या मुलाने तर पाळण्यात खेळण्यातली गाडी फेकली होती. मी त्या तयारीत होते. चिऊने यातलं काहीच केलं नाही. बाळ घरी आलं त्या रात्री कुणी सांगायच्या आत आपली उशी उचलून हॉलमध्ये आजीजवळ झोपायला गेली, ती तिथेच. स्वतःचे कपडे स्वतः घालते, पानात वाढलेलं मुकाट्याने संपवते, खाऊ मागत नाही. मी पाजायला बसले की बाहेर जाऊन चपलांच्या स्टँडपाशी बसून राहते. बारशाला आलेल्या प्रत्येकीने तिच्या गालावरून हात फिरवून 'किती गं शहाणी' म्हटलं, आणि पोर आणखीच शहाणी झाली.

आणि ती कुजबुजते. घरात दिवसभर 'हळू बोल, बाळ झोपलंय' चालू असतं, एवढ्याशा जागेत दुसरं काय करणार. पण आता ती सगळीकडेच तसं बोलते. जिन्यात, रिक्षात, भाजीवाल्यापुढे. सासरे तिला शाळेतून आणायला गेले तेव्हा बाईंनी सांगितलं, वर्गात ओठ हलतात पण आवाज येत नाही, कवितासुद्धा तशीच म्हणते. हीच मुलगी उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्याने गात होती.

परवाचं सांगते. बाळाच्या दंडावर बीसीजीच्या लसीचा फोड आलाय, पिकल्यासारखा दिसतो. मी त्याला अंघोळीनंतर झबलं घालत होते आणि चिऊ दारात उभी होती. तिची नजर फोडावर गेली आणि लगेच म्हणाली, "मी नाही केलं." कुणी काही विचारलंच नव्हतं. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते.

रात्री अंथरूणही ओलं होतंय, ते कधीच सुटलं होतं. सकाळी उठून चादर स्वतःच गोळा करते आणि मोरीत नेऊन ठेवते. कुणाला उठवत नाही.

आता मुख्य प्रश्न. सासू-सासरे गौरी-गणपतीला गावी जाणार, कणकवलीजवळ. साठ दिवस आधी रेल्वेचं बुकिंग उघडलं तेव्हाच दोघांची तिकिटं काढून ठेवली आहेत. सासूबाई म्हणतात, चिऊला घेऊन जाते, दहा-बारा दिवस तुलाही उसंत मिळेल. ती पाच वर्षांच्या आतली असल्याने तिचं तिकीट लागत नाही. तिकडे चुलत भावंडं आहेत, मागच्या वर्षी आम्ही सगळे गेलो तेव्हा ती मजेत होती. तिला विचारलं तर एका क्षणात "जाते" म्हणाली. नवरा ऐरोलीला सेकंड शिफ्टला असतो, घरी यायला रात्रीचा एक वाजतो. त्याच्या मते पाठवायला काहीच हरकत नाही.

मला तिच्या त्या पटकन "जाते" म्हणण्याचीच धास्ती वाटते. पाठवू का?

दहिसरवाली

नका पाठवू.

माझ्या धाकटीला जन्मल्यावर कावीळ झाली, दिव्याखाली ठेवावं लागलं, तेव्हा तीन वर्षांच्या मोठ्याला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. नाइलाज होता. बहिणीने त्याला फुलासारखं जपलं. पण परत आला तो पाहुणा होऊन. फ्रीज उघडायच्या आधी "उघडू का?" विचारायचा. स्वतःच्याच घरात! तो नीट घरचा व्हायला दिवाळी उजाडली. तुमच्या चिऊने तर उशी आधीच हलवली आहे, त्यात आता बॅगही भरायची का?

आणखी एक. तिला बाळाची कामं सांगत असाल तर जरा कमी करा. लंगोट आण, पावडर दे, दुपटं घडी कर. सगळे म्हणतात त्यात मुलांना सामील करून घ्या, आणि मुलांना ते आवडतंही. पण दिवसभरात आई आपल्याशी बोलली ते फक्त बाळाच्या कामापुरतं, असं व्हायला नको. आमच्याकडे पावसात लंगोट वाळायचे नाहीत म्हणून मी रात्री इस्त्री घेऊन बसायचे. मोठा शेजारी बसायचा. त्या वेळी आम्ही लंगोटाबद्दल अवाक्षर काढायचो नाही, त्याच्या शाळेच्या बसबद्दल बोलायचो. कुठल्या काकांनी कुठे ब्रेक मारला, कोण कुणाच्या अंगावर पडलं. मला सगळी बस पाठ झाली होती.

परळची सिस्टर

मी बरीच वर्षं नवजात बाळांच्या विभागात काम करते. रोज बाळं बघते आणि दाराबाहेर आजोबांचा हात धरून उभी असलेली त्यांची भावंडंही बघते.

विक्रोळीची आई, तुमच्या नजरेला आलंय ते बरोबर आहे. चिडणारं मूल सगळ्यांना दिसतं, गप्प होणारं कुणाला दिसत नाही, उलट त्याची वाहवा होते. अंथरूण ओलं होण्याने घाबरू नका. पाच वर्षांच्या आत त्याला आजार म्हणतच नाहीत, आणि घरात बाळ आल्यावर सुटलेली सवय परत येणं अगदी नेहमीचं आहे. रागावू नका, लाजवू नका, चादर धुवायचं काम तिच्याकडे जाऊ देऊ नका. फक्त दिवसाही कपडे ओले व्हायला लागले, लघवीला जळजळ होते म्हणाली, ताप आला किंवा शी घट्ट होऊन ती दाबून ठेवू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कुजबुजणं आणि वर्गातला अबोला महिनाभरात सैल पडला नाही तरी दाखवा.

'हळू बोल' आजपासून बंद करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरातल्या साध्या आवाजाने काही होत नाही. उलट दिवसा उजेड आणि वर्दळ, रात्री अंधार आणि शांतता असली, तर बाळाला दिवस-रात्र कळायला मदतच होते. आणि चिऊचा आवाज त्याला नवा नाही. पोटात असताना शेवटचे काही महिने बाळ ऐकत असतं, तिची गाणी त्याने ऐकलेली आहेत. हे तिला सांगा, ते खरंही आहे. त्याला आत्ता साधारण हातभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं, तेव्हा त्याने तिच्याकडे बघावं असं वाटत असेल तर तिला जवळच यावं लागेल.

बीसीजीचा फोड असाच येतो. काही आठवड्यांनी फुगतो, थोडा पू येतो, खपली धरते आणि डाग राहतो. त्याला काही लावू नका, दाबू नका. आता चिऊच्या डाव्या दंडावर बघा, तिलाही तो डाग असेल. तिला दाखवा. बाळाला जे झालंय ते तुलाही झालं होतं आणि ते इंजेक्शनने झालंय, हे तिला स्वतःच्या अंगावर दिसू दे.

पाजणं दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा होतं. म्हणजे ती घरी आणि जागी असताना त्यातल्या प्रत्येक वेळी बाहेर चपलांपाशी जाऊन बसते. पाजताना तिला आत घ्या, पाठीला पाठ लावून बसू द्या, मोकळ्या हाताने चित्रांचं पुस्तक उलटा. सासूबाईंना पटत नसेल तर माझं नाव पुढे करा, सिस्टरने सांगितलंय म्हणा.

रात्री तिला तुमच्या खोलीत घ्यायचं असेल तर पलंगाशेजारी खाली गादी घाला. बाळ आणि ती एका अंथरुणात नको, झोपेत मोठ्या मुलाचा हात-पाय बाळावर पडू शकतो. बाळाला सपाट, थोड्या घट्ट गादीवर उताणंच झोपवा, जवळ उशा नकोत.

शाळेतून आल्यावर साबणाने हात-पाय धुणं आणि कपडे बदलणं, एवढं केलं की तिने बाळाला खुशाल हात लावावा. पापा पायाचा घ्यावा, तोंडाचा नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर मात्र घरी वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

गावी पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आधी तिला काय समजलंय ते काढून घ्या.

आणि तुम्ही स्वतः कशा आहात? सारखं रडू येत असेल, झोप मिळत असूनही लागत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

गिरगावातली आजी

मी वेगळं सांगणार, रागावू नकोस हो बाळा.

आम्ही पाच भावंडं चाळीत वाढलो. आईचं बाळंतपण पडद्याआड व्हायचं. आम्ही सकाळी शेजारच्या काकूंकडे आंघोळीला, दुपारी समोरच्या खोलीत जेवायला, रात्री आत्याच्या कुशीत. आईपासून लांब गेलो असं कधी वाटलं नाही, कारण आई दहा पावलांवर दिसायची आणि सगळ्या दारांतून आत-बाहेर करता यायचं. आता तुमची दारं बंद असतात. त्या मुलीला घरातच जायला दुसरी जागा नाही, म्हणून ती चपलांपाशी बसते. गावचं घर म्हणजे भरलेलं घर. गौरी येणार, फुगड्या होणार, भावंडं तिला एक क्षण गप्प बसू देणार नाहीत. आजी काही परकी नाही. ज्या आजीजवळ ती रोज झोपते तिच्याबरोबरच तर जायचंय.

पाठव म्हणते मी. मात्र दहा-बारा दिवस फार होतात. गौरी-विसर्जन झालं की परत.

रविवारचा बाबा

आजींचं म्हणणं मला पटतं, आणि दहिसरवाल्या ताईंचंही. पण या सगळ्यात बाबा कुठे आहे? तुमच्या यजमानांना दोष देत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवस रजा मिळते, आम्हा खासगीतल्यांना कायद्याने तेवढीही नाही. मी दोन्ही वेळा स्वतःच्या रजा घातल्या.

पण सेकंड शिफ्ट म्हणजे सकाळ मोकळी. चिऊला शाळेत कोण सोडतं? बाबा किंवा आजोबा सोडत असतील, तर उलट करा. सव्वा महिना झालाय ना आता? बाळाला पाजून बाबाकडे द्या आणि तुम्ही तिला सोडायला जा. बाळाला बरोबर घेऊ नका. आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक याने पडला. मी सुरुवातीला थोरल्याला घेऊन सगळीकडे फिरायचो, राणीची बाग, पेंग्विन, हॉर्निमन सर्कल, आणि समजायचो की आईला मोकळं करतोय. त्याला पेंग्विन आवडले. आई-बाप दोघं आळीपाळीने अंडी उबवतात, हे त्याने महिनाभर सगळ्यांना ऐकवलं. पण त्याला हवी होती आई, आणि तीसुद्धा हात मोकळे असलेली.

गावी जायचंच असेल तर बाबाने घेऊन जावं आणि बाबानेच परत आणावं. आणि यंदा नाहीच जमलं तर मुंबईतही गणपती आहेत. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, मूर्ती छोटी आणि साधी असते, लहान मुलाला जवळून बघता येते. लालबागच्या रांगेत साडेचार वर्षांच्या मुलीला उभं करू नका.

विक्रोळीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, मी ठीक आहे, विचारलंत म्हणून डोळे भरून आले तेवढंच.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिला काय समजलंय ते आधी विचारलं. दुपारी बाळ सासूबाईंकडे दिलं, तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, गावी जाताना काय काय न्यायचं सांग. तिने सगळं नीट सांगितलं. फ्रॉक, रंग, बाहुली. मग म्हणाली, "दप्तर पण न्यायचं ना? तिकडच्या शाळेत तेच चालेल?"

पोर तिकडेच राहायला निघाली होती. आणि "जाते" म्हणून मोकळी झाली होती.

मी तिला तीनतीनदा सांगितलं, शाळा इथलीच, घर इथलंच, गाव फक्त गणपतीपुरतं. तिने ऐकलं, पण मान हलवली नाही. मग मी सासूबाईंना बोलावलं आणि त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. त्यांना फार लागलं ते. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुला सोडून येईन होय मी?" त्यांच्या मनात तसं कधीच नव्हतं, सुनेला आराम मिळावा एवढाच हेतू होता. आता 'हळू बोल' बंद करायचं काम त्यांनीच अंगावर घेतलंय, सासऱ्यांनाही दटावतात.

बीसीजीचा डाग दाखवला. आरशासमोर उभी राहून बाही वर करून बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "मला पण असं पिकलं होतं? मी रडले होते?" म्हटलं, खूप. त्याने तिचं समाधान झालं. बाळाच्या फोडाजवळ अजून बोट नेत नाही, पण हात पाठीमागे धरायचं थांबलंय.

शाळेत सोडायला आता मी जाते. पहिल्या दिवशी धो धो पाऊस होता, दोघी एका छत्रीत, रस्त्यात घोट्याएवढं पाणी. ती काहीतरी सांगत होती आणि छत्रीवरच्या पावसात मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी म्हटलं, मोठ्याने सांग. आणखी थोड्या मोठ्याने. शेवटी ती ओरडून म्हणाली, "माझ्या बेंचवरचा मुलगा खोडरबर खातो!" इतक्या दिवसांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. त्या मुलाचं पुढे काय होतं ते मला आता रोज कळतं. वर्गात अजून हळूच बोलते, बाई म्हणतात थोडा फरक आहे. बाईंना घरची परिस्थिती सांगून ठेवली, त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलंय.

अंथरूण अजूनही अधूनमधून ओलं होतं. गादी पलंगाशेजारी घातली आहे. बाळ उठलं की तीही उठते, झोपमोड होते, पण त्याचं मला काही वाटत नाही. दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे आणि माझी अजून बरीच शिल्लक आहे. एकदा कामावर जायला लागले की हे असं रात्री उठून तिच्या डोक्यावर हात फिरवणं निवांतपणे होणार नाही.

गावचं असं ठरलं. सासू-सासरे त्यांच्या तिकिटांवर पुढे जातील. नवऱ्याने शिफ्ट बदलून चार दिवस काढलेत, तो चिऊला घेऊन एसटीच्या जादा गाडीने जाईल आणि गौरी-विसर्जन झालं की दोघं परत. माझी आई बदलापूरहून इथे येऊन राहील. दप्तर घरीच राहणार, ते चिऊने स्वतः कपाटात ठेवलंय आणि आजोबांना तसं बजावलंय. नवरा मुलीला घेऊन एकटा कधी एवढ्या लांब गेलेला नाही, म्हणून एक शेवटचं विचारते. रात्रभराच्या एसटी प्रवासाला काय काय द्यावं बरोबर?

दहिसरवाली

बरं वाटलं वाचून.

आम्ही दरवर्षी जादा गाडीनेच जातो. सीट पुढची बघा, मागे खूप हादरे बसतात. घाटात उलटी होत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या, जेवण हलकं, दहीभात नको. गणपतीच्या आदल्या दिवशी हायवेवर गाड्या तासन् तास अडकतात, म्हणून दोन दिवस आधीची गाडी मिळाली तर तीच घ्या. पाणी, कोरडा खाऊ, दोन जोड कपडे आणि प्लॅस्टिकचं अंथरूण बॅगेत वरच ठेवा, बसच्या पोटात नको. गाडी थांबेल तिथे तिला लघवीला न्यायचं, झोपली असली तरी उठवून, हे यजमानांना सांगून ठेवा. आणि परतीची गाडी आजच बुक करा. गौरी-विसर्जनानंतर मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते.